पसंतीवर आणलेला मृदंग

देवाला दुसरा नंबर दिलेला तुम्ही कधी पाहिला आहे काय?

मी पाहिला आहे. आमच्या गावात तो वर्षानुवर्षे दिला जात होता, आणि देणाऱ्यांत मीही होतो. म्हणून सांगण्याचा मला थोडा अधिकार आहे.

भजनी मंडळातले किस्से धान्य साठवायच्या ढोलीतल्या धानासारखे असतात. खालून एक पायली काढली की वरचे धान आपोआप खाली उतरते. एक सांगितला की दुसरा तयार असतो. मी मोजकेच काढतो. सगळे एका मृदंगाचे आहेत.

गाव ब्रह्मपुरीपासून चार कोसांवर, भाताचे. मी तेथे शाळामास्तर होतो. मंडळात आम्ही अकरा जण. टाळ ज्याचे त्याचे होते. मृदंग मात्र एकच आणि तो मालकांचा. मालक म्हणजे गावचे मालगुजार, सारा वसूल करणारे जमीनदार. मालगुजारी कायद्याने गेली, पण गाव त्यांना मालकच म्हणत राहिले आणि मृदंग त्यांच्याच खुंटीवर राहिला.

रीत अशी होती. आधी मालकांच्या दारापुढे उभे राहावयाचे. आतून मृदंग येई. त्याच्या डाव्या तोंडाला कणीक थापलेली असे, कारण कणकेशिवाय ते तोंड घुमत नाही. मालक बाहेर येऊन एक अभंग ऐकत, मान हलवीत, आणि मग आम्ही मारुतीच्या देवळाकडे निघत असू. पहिला अभंग मालकांना, दुसरा मारुतीला. कोणाला त्यात काही वावगे वाटत नव्हते. सवय लागली की पापाचा वास येत नाही.

*

एका हनुमान जयंतीला आम्ही पहाटेच दारापुढे उभे राहिलो. मृदंग बाहेर आला आणि दार पुन्हा लागले. एक अभंग झाला. तीन झाले. पाच झाले. दार बंद.

मालकांचे दिवाणजी खिडकीत आले. बोरूने लिहिणारा, नीटनेटका, हळू बोलणारा माणूस.

"मालक निजले आहेत. तुम्ही चालू ठेवा."

आम्ही चालू ठेवले. पूर्व उजळली. मारुतीचा पाळणा सूर्य उगवतो त्या क्षणी म्हणावयाचा असतो. तो क्षण आम्ही एका बंद दारापुढे घालवला.

मृदंग दाजीबा वाजवीत. साठीला आलेले शेतकरी, गळ्यात तुळशीची माळ, बोलणे कमी. त्यांनी मृदंग गळ्यातून काढला आणि पायरीवर ठेवला.

"दिवाणजी, हे घ्या तुमचं. देवाच्या मांगून उठनारे लय पाह्यले. देवाले थांबवून निजनारा आजच पाह्यला."

त्या दिवशी मारुतीपुढे नुसत्या टाळांवर पाळणा झाला. देवळापुढच्या पारावर बसून आम्ही ठरविले : पुढच्या जयंतीला पहिला अभंग मारुतीला, सूर्याच्या आधी, स्वतःच्या मृदंगावर. नाही जमले तर मंडळ मोडावयाचे. त्या दारी पुन्हा जावयाचे नाही.

दिवाणजींकडून दुसऱ्या दिवशी निरोप आला. "वर्षभराने याल. दार तेच आहे."

*

धान निघाल्यावर घराघरातून सूप सूप धान जमा झाले. अडचण धानाची नव्हती. अडचण ही होती की आमच्यापैकी कोणीही जन्मात वाद्य विकत घेतले नव्हते. दाजीबांनी घेतले होते ते बैल.

ब्रह्मपुरीच्या बाजारात एका दुकानी एक मृदंग टांगलेला होता. दाजीबा त्याच्याभोवती दोनदा फिरले. खाली वाकून पाहिले. पाठीवरून हात फिरवला. दुकानदार हसू दाबीत होता.

"वाजवून बघा की बाबा."

"वाजवतो. पन इथी नाई. गावी नेतो, चार रोज पाह्यतो. पटला त ठेवतो."

"वाद्य असं पसंतीवर देत नाहीत."

"बैल देतेत. लाकूड काऊन नाई?"

"बैलाचं निराळं."

"निराळं कायचं? बाजारातला बैल बाजारात पळते. चिखलात पाह्यल्याबिगर आमी दावं बांधत नाई."

दुकानदाराने मृदंग वर टांगला. आम्ही बाहेर पडलो. आमच्या मंडळात कवडू नावाचा एक टाळकरी होता. त्याच्या जिभेला हाड नव्हते. तो वळून म्हणाला, "शेट, याले रोज पानी दाखवत जा. सुकून राह्यला बिचारा."

*

मग आम्ही तिघे, दाजीबा, कवडू आणि मी, नॅरोगेजच्या छोट्या गाडीने चांद्याला गेलो. चांदा म्हणजे आजचे चंद्रपूर.

तेथला दुकानदार आधुनिक होता. त्याच्याकडे बॅटरीवर चालणारा लाऊडस्पीकर होता. त्याने मृदंगापुढे मायक्रोफोन ठेवला, कळ दाबली आणि डाव्या तोंडावर एक थाप मारली. रस्त्यावरचा टांग्याचा घोडा बिथरला. मी खोटे बोलणार नाही. क्षणभर मला तो आवाज हवा झाला.

"विजेचा जमाना आला गुरुजी," दुकानदार म्हणाला. "आता आवाज लाकडात नसतो. तारेत असतो."

कवडू म्हणाला, "तार काढून वाजवा."

"तारेशिवाय कशाला?"

"आमच्या गावात वीज नाई, अन् मारुती बहिरा नाई."

दुकानदाराने नाइलाजाने कळ बंद केली. थाप मारली. पिकलेल्या भोपळ्यावर टिचकी मारल्यासारखा आवाज आला.

दाजीबा उठले. "भोंगा चांगला हाय," ते म्हणाले. "मृदंग दाखवा."

दुसरा मृदंग त्या दुकानात नव्हता.

*

शहराभोवतीच्या परकोटाच्या आत, एका गल्लीत, मल्लय्या नावाचे म्हातारे कारागीर राहत. मूळचे सिरोंच्याकडचे, घरात तेलुगू बोलत, आमच्याशी तोडकी मराठी. त्यांच्या अंगणात बिजा नावाच्या झाडाच्या लाकडाचा एकच मृदंग तयार होता. त्यांनी कणीक लावली, दाजीबांच्या पुढे ठेवला आणि पाठ फिरवून बसले. वाजवणाऱ्याचे तोंड पाहून ऐकू नये, असे त्यांचे म्हणणे होते.

दाजीबांनी वाजवला. मग घरी नेण्याची गोष्ट काढली. आम्हाला वाटले, येथेही नकार येणार.

"न्या," मल्लय्या म्हणाले. "आठ रोज वाजवा. तुम्ही त्याला बघा, तो तुम्हाला बघेल. जमलं नाही तर आणून द्या. फक्त कातड्याला घाव झाला, तर मृदंग तुमचा. परत घेणार नाही. कबूल?"

"कबूल."

"खूण काय ठेवता?"

दाजीबांनी गळ्यातल्या तुळशीच्या माळेला हात घातला. म्हाताऱ्याने तो धरला.

"ही काढली तर तुम्ही जेवत नाही. घरी जाईपर्यंत मराल. माझा मृदंग कोण वाजवील?"

"मंग काय ठेवू बाप्पा?"

मल्लय्यांनी विचार केला. "अभंग म्हणा. अर्धा. बाकीचा अर्धा परत याल तेव्हा."

दाजीबांनी दोन चरण म्हटले आणि थांबले. गाडीत बसल्यावर ते अस्वस्थ होते. ब्रह्मपुरी आल्यावर म्हणाले, "गुरुजी, घर गहान ठेवलं असतं त बरं होतं. हे लय जड हाय."

*

रामनवमीला मृदंग गावात आला. जयंतीला सहा दिवस होते.

चांद्याची कणीक वाटेतच सुकून पडली होती. दाजीबांनी घरून पीठ मागविले, भिजवले, थापले, आणि पारावर पहिली थाप मारली. सगळे पीठ खाली पडले.

"भाऊ, मृदंग वाजवून राह्यले का रांगोळी काढून राह्यले?" कवडूने विचारले.

पुन्हा थापले, पुन्हा पडले. मग लाखोळीच्या डाळीचे पीठ आणले. ते वाळले आणि तडकले. मग कोणी सुचवले म्हणून शिजलेला भात मळून लावला. तो असा चिकटला की दाजीबांचा पंजाच सुटेना.

"आता चांद्याहून मल्लय्यालेच बोलवा," कवडू म्हणाला. "मृदंग राहू द्या, दाजीबाभाऊले सोडवा."

दोन दिवस गेले. मंडळात कुजबुज सुरू झाली. म्हाताऱ्याने कातड्याला तेल पाजले असावे, आपण फसलो, बैल चिखलात बसला. दिवाणजी पारावरून जाताना थांबले आणि हळू आवाजात म्हणाले, "दार तेच आहे." दाजीबा मृदंगाला फडके गुंडाळू लागले. परत नेऊन द्यावयाचा, उरलेला अर्धा अभंग म्हणावयाचा आणि मंडळ मोडावयाचे, असे ते ठरवून बसले होते.

त्यांच्या पत्नी सोनाबाई पाण्याची घागर घेऊन पारावरून चालल्या होत्या. त्या थांबल्या.

"कायचं पीठ लावलं?"

"तूच देल्लं ना. तांदळाचं."

सोनाबाईंनी घागर खाली ठेवली.

"मालकाच्या घरचा मृदंग तीस वर्सं पोळी खाऊन बोल्ला. तुमी याले भात चारून राह्यले."

आमच्या भागात पीठ म्हटले की तांदळाचे. गहू सणावाराचा, तोही मोठ्या घरी. मालकांच्या घरून मृदंग येई तो कणीक लावूनच येई आणि परत गेल्यावर आतच खरवडला जाई. तीस वर्षे दाजीबांच्या हाताखाली गव्हाची कणीक होती, आणि ती कशाची हे त्यांनी कधी विचारले नव्हते. मीही नाही. मी तर शिकलेला होतो.

*

गावात किराणा दुकान एकच. मी स्वतः गेलो.

"गहू संपले गुरुजी," दुकानदार म्हणाला.

तो गव्हाच्याच पोत्यावर बसला होता. थोड्या वेळापूर्वी दिवाणजी तेथून गेल्याचे मला मागाहून कळले. मी वाद घातला नाही. पोत्यावर बसून खोटे बोलणाऱ्याला उठवण्यात अर्थ नसतो.

सोनाबाई त्या दिवसांत मालकांच्या घरी धान कांडावयास जात. मजुरी म्हणून संध्याकाळी कणी मिळे, म्हणजे तुटका तांदूळ. त्या संध्याकाळी त्यांनी पदर पसरला नाही.

"आज कनी नको बाई. गव्हाचं पीठ द्या, तेवढ्याच मोलाचं."

मालकीणबाई देवभोळ्या होत्या. त्यांनी माप भरले. दिवाणजी ओट्यावर होतेच.

"सोना, हे पीठ कुठे चालले ते मला ठाऊक आहे. मालकांना सांगावे लागेल."

"सांगा. मजुरी हाय, दान नाई. मजुरीचं मी खाईन, नाईतर चामड्याले चोपडीन. तुमाले काय करा लागते?"

पीठ पारावर आले तेव्हा कवडूने शंका काढली. "गुरुजी, घर त मालकाचंच. त्याच्या घरचं पीठ आपल्या मृदंगाले कसं चालते?"

मी म्हणालो, "दिवसभराच्या मुसळाने ते मालकांचे राहिलेले नाही."

सोनाबाईंनी पीठ भिजवले आणि दाजीबांनी कणीक लावली. थाप मारली. मृदंग बोलला. तळ्यापलीकडे बैलांना पाणी पाजणारे तिघे जण वळून उभे राहिले. दाजीबांनी दुसरी थाप मारली नाही. हात तसाच ठेवून ते म्हणाले :

"चिखलात चालला."

*

जयंतीला तीन दिवस उरले होते. दुपारी पारावर तालीम झाली. ऊन होते म्हणून सगळे सोनाबाईंकडे गुळपाणी घेण्यास गेलो. मृदंग कणकेसकट पारावर, पिंपळाच्या सावलीत होता. देवाच्या दारात ठेवलेल्या वस्तूला राखण कशाची, असे मीच म्हणालो होतो.

परत आलो तेव्हा डाव्या तोंडाचे कातडे या टोकापासून त्या टोकापर्यंत चिरलेले होते. कणकेतून सरळ रेघ गेली होती.

दाजीबा खाली बसले आणि चिरेवर हात ठेवून राहिले, जखमेवर ठेवतात तसा.

थोड्या वेळाने दिवाणजी आले. "अरेरे," ते म्हणाले. "कच्चे कातडे. चांद्याच्या मालाचे असेच असते. मालक मोठ्या मनाचे आहेत. मृदंग खुंटीवर आहे."

मी काही बोलणार तोच कवडू पुढे आला. एवढा नम्र मी त्याला कधी पाहिला नव्हता.

"बरं झालं आले दिवाणजी. गुरुजीले आत्ताच्या आत्ता मल्लय्याले चिठ्ठी लिहाची हाय. शाळेतला बोरू मोडला. जरा टोक करून देता का?"

त्याने खिशातून एक बोरू काढून पुढे केला. शाळेतला बोरू मोडलेला नव्हता. तो कवडूच्या हातात होता. पण मी गप्प राहिलो. त्या मौनाबद्दल मी मारुतीची क्षमा मागितली आहे.

चाळीस वर्षांची सवय. दिवाणजींनी बोरू घेतला, कंबरेचा लहान चाकू काढला आणि उघडला. पाते अर्धवटच उघडले. फटीत पांढरी कणीक बसली होती, अजून ओली.

पारावरचे सगळे वाकून पाहू लागले.

"घरची आहे," दिवाणजी म्हणाले. "आमच्याकडे पोळ्या होतात."

"लेखनीच्या चाकूनं?" कवडूने विचारले.

सोनाबाई गुळपाण्याचा तांब्या घेऊन मागे उभ्या होत्या. त्या जवळ आल्या, पात्यावरची कणीक बोटाने काढली आणि दोन बोटांत चोळून पाहिली.

"माझ्या मजुरीची हाय," त्या म्हणाल्या. "मी भिजवली तवा मीठ टाकलं होतं, आंबू नये म्हनून. चाखून पाहा."

दिवाणजींनी चाखून पाहिली नाही.

*

चौथ्या प्रहरी पारावर पंच बसले. मालकांनी निरोप पाठविला की या प्रकाराशी त्यांचा संबंध नाही. दिवाणजी एकटे उभे होते. मालकांच्या सांगण्यावरून केले काय, असे पंचांनी तीनदा विचारले; ते तीनदा गप्प राहिले. मला त्यांची कीव आली नाही. पण त्या मौनाचे वजन मला कळले.

पंच म्हणाले, "दाजीबाभाऊ, नुकसान तुमचं. दंड तुमी सांगा."

"मृदंग यानं चांद्याले न्यावा," दाजीबा म्हणाले. "डोक्यावर. आमी संगं हाव."

दुसऱ्या दिवशी दिवाणजी आमच्या पुढे चालले. वाटेतल्या तीन गावांनी ते पाहिले. पुढे छोट्या गाडीत त्यांनी मृदंग मांडीवर घेतला होता. मल्लय्यांनी चीर पाहिली, कणकेचा माग पाहिला, आणि दिवाणजींकडे एकदा पाहिले. दाजीबांना मात्र म्हणाले, "आधी बाकीचा अर्धा."

दाजीबांनी उरलेले दोन चरण म्हटले. मग म्हातारा कातडे चढवावयास बसला.

"घाव झाला," तो म्हणाला. "आता मृदंग तुमचा. पसंती संपली."

"पसंती कवाचीच झाली," दाजीबा म्हणाले.

जयंतीच्या आदल्या दिवशी आम्ही गावात परतलो. पंच पारावर होते. दिवाणजींनी मृदंग उतरवला, मान पुसली आणि विचारले, "झाले ना आता?"

"अर्धं झालं," दाजीबा म्हणाले. त्यांनी स्वतःचे टाळ काढले आणि दिवाणजींच्या हातात दिले. "उद्या पहाटे मालकाच्या दारापुढं उभं राहाचं. टाळ वाजवाचे. दार उघडेपर्यंत."

पंचांनी माना हलविल्या.

जयंतीला पहिला अभंग मारुतीला झाला, अंधार असतानाच. पाळणा सूर्याबरोबर सुरू झाला. पाळण्याच्या कडव्यांमधल्या विसाव्यात गावाच्या वरच्या अंगाने एकट्या टाळांचा आवाज येत होता. आरती झाली. सुंठवडा वाटून झाला. पार झाडून झाला. मंडळी घरोघर गेली, आणि सोनाबाई रोजच्याप्रमाणे मुसळ घेऊन मालकांच्या घरी कांडणाला निघाल्या.

दार उघडले ते त्यांच्यासाठी. तोपर्यंत दिवाणजींचे टाळ वाजतच होते.